नाव ठेवायचं राहिलं

वहिनीने स्वतःसाठी कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी मी शाळेतून येऊन पाय धूत असताना तिने मागच्या दारातून विचारलं, "वन्सं, मला तो बोलपट दाखवाल?" तेव्हा मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले.

बोलपटाचं नाव 'शंखनगरी'. दिवाळी होऊन गेली होती, समुद्र निवळला होता. फिरत्या सिनेमावाल्यांचं सामान मुंबईच्या आगबोटीतून बंदरावर उतरलं होतं, आणि मैदानात त्यांचा तंबू उभा राहत होता. मी मुंबईला शिकायला असताना एकदोन बोलपट पाहिले होते. वहिनीने मूकपटसुद्धा पाहिला नव्हता. गावात तमाशा आला काय नि सिनेमा आला काय, तिला सारखंच. पण 'शंखनगरी' ही मूळची कादंबरी होती, आणि त्या कादंबरीशी आम्हां दोघींचं जुनं नातं होतं. मला वाटलं, म्हणूनच ती विचारते आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, हरिश्चंद्राची बायको. माहेर वेळणेश्वर, नाव गोदा. दादा मुंबईला एका पेढीत नोकरीला होता आणि खोलीत चौघांच्यात राहत होता, म्हणून वहिनी आमच्याकडे, रत्नागिरीला. तो मे महिन्यात येई, गणपतीला जमलं तर येई. त्यांना मूल नव्हतं. घरात आई, वहिनी आणि मी. बी.एस्सी. होऊन मी परत आले होते आणि मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते.

मी मराठी तिसरीत असताना माझे डोळे आले आणि ते साधं दुखणं राहिलं नाही. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर औषधाच्या घड्या ठेवून पट्टी बांधली आणि उजेड अगदी वर्ज्य सांगितला. वहिनी तेव्हा माहेरी गेलेली होती. माझ्याजवळ बसायला कोणी हवं, म्हणून आईने निरोप धाडून तिला आणवली. ती आली ते मी पाहिलं नाही. बैलगाडी थांबल्याचं ऐकलं, मग तिच्या पाटल्यांचा आवाज, आणि मग कोणीच काही बोलेना, एवढंच मला आठवतं.

दुपारी माजघरातल्या अंधारात ती मला वाचनालयातून आणलेली 'शंखनगरी' वाचून दाखवू लागली. तिच्यासाठी दार बोटभर उघडं ठेवत, आणि त्या उजेडाच्या पट्टीत पुस्तक धरून ती वाची. मी तिच्या कुशीला डोकं टेकून ऐके. तिच्या अंगाला ओव्याच्या धुरीचा वास येई. चोळी पुढून ओली असे, आणि तिला किंचित आंबूस असा आणखी एक वास असे. मला वाटे, घामाचा.

गोष्ट अशी होती. विजयध्वज नावाच्या राजपुत्राची सावली समुद्राच्या राजाने चोरून नेलेली असते. सावलीवाचून त्याला कोणी ओळखत नाही, त्याची आईसुद्धा नाही. ती परत आणायला तो समुद्राच्या तळाशी, शंखनगरीत उतरतो. नगरीला एकात एक अशी सात दारं. प्रत्येक दारात एक पहारेकरी: कुठे खेकडा, कुठे जळता मासा, कुठे केस विंचरत बसलेली म्हातारी. प्रत्येकाला आपलं नाव सांगायचं आणि त्याचं विचारून घ्यायचं, मगच दार उघडतं.

सातव्या दारात एक लहान मुलगी बसलेली असते. राजपुत्र आपलं नाव सांगतो आणि तिचं विचारतो. ती म्हणते, "माझं नाव ठेवायचं राहिलंय." आता दार कसं उघडणार? राजपुत्र विचारात पडतो. मग तो म्हणतो, "मी परत येताना ठेवीन." तेवढ्यावर विश्वासून ती त्याला आत सोडते. पुढे त्याला सावली मिळते, समुद्राच्या राजाशी युद्ध होतं, आणि तो मगराच्या पाठीवर बसून भलत्याच वाटेने वर येतो.

"मग तिचं नाव?" मी विचारलं होतं.

वहिनीने पुस्तक मिटलं होतं. मग म्हणाली, "तुम्ही काय ठेवलं असतं, वन्सं?"

मी म्हटलं, पुस्तकात असेल तेच. आपण कसं ठेवायचं?

डोळे बरे झाले आणि पुस्तक वाचनालयात परत गेलं. पण दर वर्षी समुद्र निवळला आणि आगबोटी सुरू झाल्या, की मी वहिनीच्या मागे लागून ती गोष्ट पुन्हा सांगून घेई. तिला ती तोंडपाठ होती. खेकड्याचं बोलणं, म्हातारीच्या केसांतले शिंपले, युद्धातली शस्त्रं, शब्दाला शब्द तेच. फक्त सातव्या दारातली मुलगी तेवढी बदले. पहिल्या वर्षी ती नुसती बसायला शिकलेली होती आणि तरीही बोलत होती, याबद्दल मी हरकत घेतली होती. पुढच्या वर्षी ती उंबऱ्याला धरून उभी होती. मग ती पळू लागली, मग तिचे पुढचे दात पडले, मग तिच्या वेणीत अबोली आली. मी मोठी होत होते, म्हणून मला ऐकायला आवडावं असं वहिनी तिला मोठं करत असावी, असं मी धरून चालले होते. शेवटचा प्रश्नही दर वर्षी तोच असे आणि माझं उत्तरही तेच. मी हट्टी मुलगी होते. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायचं, हे मला शास्त्र शिकण्याच्या आधीपासून येत होतं.

नोकरी लागल्यावर एकदा तास मोकळा मिळाला म्हणून मी ही गोष्ट माझ्या वर्गाला सांगितली. मुलींनाही सातवं दारच आवडलं. कुलसुम नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, गलबतवाल्यांच्या घरातली. ती मधूनमधून विचारी, "बाई, त्या पोरीचं नाव कळलं का?"

बोलपट दाखवाल का असं विचारल्यावर वहिनी गप्प राहिली नाही. एरवी ती एकदा बोलून विषय सोडून देई. त्या आठवड्यात तिने मला पुन्हापुन्हा विचारलं. तंबूत बायकांना वेगळं बसवतात ना? बोलपट म्हणजे माणसं खरंच बोलतात, की कोणी मागून बोलतं? आणि एकदा भाकरी थापताना, परातीतून डोळे न उचलता तिने विचारलं, "त्यात ती असेल ना हो? सातव्या दारातली?"

मी म्हटलं, पुस्तकात आहे म्हणजे असणारच. तिच्यावाचून दार कसं उघडेल?

"आवाज कसा काढतील तिचा," वहिनी म्हणाली. मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "किनरा नको. तिचा आवाज जरा भरडा आहे."

आईने नाक मुरडलं. घरची सून तंबूत जाऊन बसणार, आणि नेणार कोण, तर नणंद. पण वहिनीने त्या दिवशी आईलाही उत्तर दिलं. म्हणाली, एकदाच जाईन, पुन्हा नाव काढणार नाही.

मी तिला चित्र कसं हलतं ते समजावून सांगितलं. फितीवर एकामागून एक स्थिर चित्रं असतात, आणि दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर पडदा काळा होतो. तो अंधार आपल्याला कळत नाही, कारण आधीचं चित्र डोळ्यात रेंगाळतं आणि डोळा मधली जागा भरून काढतो. वहिनीने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे नसतं तेही दिसतं," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसंच काहीसं.

ती त्या दिवशी निळ्या काठाचं ठेवणीतलं लुगडं नेसली. जाताना तिने परसातली अबोली काढून लहानसा गजरा केला, पण माळला नाही. केळीच्या पानात गुंडाळून ओच्यात ठेवला. मी विचारलं नाही.

तंबूत बायकांची बाजू कनातीने वेगळी केली होती. पुढच्या रांगेत कुलसुम तिच्या आईबरोबर, फातिमाबीबरोबर, बसली होती. ती सारखी वळून माझ्याकडे बघून हसत होती. चित्र सुरू झालं. राजपुत्र वयाने बराच थोराड होता आणि उठल्यासुटल्या गात होता. समुद्राचा तळ रंगवलेल्या पडद्याचा होता. पण वहिनीला त्यातलं काही खटकलं नाही. पहिलं माणूस पडद्यावर बोललं तेव्हा ती दचकली, आणि मग पुढे वाकून बसली ती तशीच. पहिलं दार आलं. खेकडा आला. ती ओठातल्या ओठात त्याचं बोलणं म्हणत होती, आणि पडद्यावरचा खेकडाही जवळपास तेच म्हणत होता. जळता मासा आला. म्हातारी आली. प्रत्येक दाराला वहिनीने माझं मनगट अधिक घट्ट धरलं.

सहावं दार बंद झालं. राजपुत्र एका लांब बोळातून चालत आला. समोर सातवं दार, पुठ्ठ्याचं, त्याला शिंपले चिकटवलेले. दार उघडंच होतं. त्याने तिथे उभं राहून गाण्याची एक ओळ म्हटली आणि तो सरळ आत गेला.

वहिनीचा हात माझ्या मनगटावरून निघाला. ती मान जरा तिरकी करून पडद्याच्या कडेकडे बघत होती, तिथे कोपऱ्यात काही राहिलं आहे का असं बघावं तशी. पुढे युद्ध झालं, सावली मिळाली, मगर वर आला, टाळ्या पडल्या. ती तशीच बसून होती.

बाहेर पडताना कुलसुम गर्दीतून आमच्यापाशी आली. "बाई, ती दारातली पोर कुठं गेली? सिनेमावाल्यांनी खाल्ली वाटतं."

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. "तुला गं कोणी सांगितली ती?"

"बाईंनी. सगळ्या वर्गाला म्हाईत आहे. बाई नाव तेवढं सांगत नाहीत तिचं."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. तिची उंची, तिची वेणी, घोट्यापर्यंत आलेला परकर. मग तिने ओच्यातून ती केळीच्या पानाची पुडी काढली आणि कुलसुमच्या हातात दिली.

वाटेत मी सिनेमावाल्यांवर फार रागावले होते. मूळ कादंबरीतला सर्वांत चांगला प्रसंग यांनी गाळला, असं मी वहिनीला सांगत होते. उद्याच वाचनालयातून पुस्तक काढते, पान दाखवून कंपनीला पत्र लिहिते, असंही म्हणाले. वहिनी म्हणाली, "त्या राजपुत्राचा गळा चांगला होता हो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वाचनालयात गेले. प्रत जुनीच होती, तिला नवा पुठ्ठा घातला होता. मी तिथल्याच बाकावर बसून सातव्या दाराचं प्रकरण काढलं. जुन्या वळणाच्या छपाईत तिथे लिहिलं होतं: 'सातवें द्वार उघडेंच होतें. तेथें कोणीहि नव्हतें.'

त्यापुढे राजपुत्र आत जात होता.

मी पानांचे आकडे पाहिले. एकही पान गळलेलं नव्हतं. शिवण पाहिली. आवृत्ती पाहिली, एकच निघाली होती. मग मी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. सहा पहारेकरी होते. मुलगी कुठेच नव्हती.

एखादा प्रयोग चुकला की आम्हांला शिकवलं होतं, काय काय स्थिर राहिलं आणि काय एकच बदलत गेलं ते आधी बघा. दर वर्षी गोष्ट स्थिर होती. बदलत होती ती फक्त मुलगी, आणि तीही दर वर्षी एका वर्षाने. मला ओव्याची धुरी आठवली. ओली चोळी आठवली. तो वास घामाचा नव्हता. शरीरशास्त्राच्या परीक्षेला मी स्वतः लिहिलं होतं की मूल असो वा नसो, बाळंतिणीला दूध येतंच, आणि काही दिवस येत राहतं.

घरी आले तेव्हा आई पुढच्या पडवीत कुळीथ निवडत होती. मी उभ्याउभ्याच विचारलं, माझे डोळे आले त्या वर्षी वहिनी माहेरी कशाला गेली होती?

आईने सुपातला एक खडा बाहेर टाकला. "बाळंतपणाला. मुलगी झाली होती. बारशाच्या आधीच गेली ती. तुझ्या दादाने तोंडसुद्धा नाही पाहिलं." पुन्हा बोटं कुळथात फिरू लागली. "नाव नाही, गाव नाही. तिचं काय बोलायचं? तुला आताच कुठलं सुचलं?"

वहिनी मागे परसात होती. पडलेली झावळी पुढ्यात घेऊन, खराट्यासाठी हिराच्या काड्या काढत बसली होती. कोयता हिरावरून सर्रकन खाली जाई आणि पातं गळून पडे. माझ्या हातात पुस्तक बघून तिने एवढंच विचारलं, "सापडली?"

"नाही."

"पानं बघितलीत सगळी?"

"सगळी आहेत."

"तुम्ही बघणारच." ती थोडी हसली. हीर बाजूला ठेवून तिने दुसरा घेतला. "मला ठाऊक होतं हो. मीच बसवली तिला तिथे. दार उघडं होतं, कोणी नव्हतं. तुमच्या डोळ्यांना पट्टी. म्हटलं, कोण बघायला येतंय? बसूदे."

मी तिच्यासमोर जांभ्या दगडाच्या पायरीवर बसले. मग सिनेमाला कशासाठी आलीस, असं मी विचारलं. तिने हातातला हीर सोलून संपवला.

"इतकी वर्षं सांगितली. सांगून सांगून मलाच वाटायला लागलं, छापलेली असेल. मीच विसरले असेन. तुम्हीसुद्धा म्हणालात, पुस्तकात आहे म्हणून. तुम्ही शिकलेल्या. म्हटलं, एकदा तोंड बघू. कशी दिसते, कशी बोलते."

तिचा आवाज अगदी साधा होता, वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तसा.

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

तेव्हा मात्र तिने कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"दर वर्षी विचारत नव्हते का? नाव आत्याने ठेवायचं असतं, वन्सं."

तुम्ही काय ठेवलं असतं, वन्सं. माजघरात पट्टी बांधून बसलेल्या मला तिने विचारलं होतं, परकरातल्या मला विचारलं होतं, मुंबईला शिकायला जाणाऱ्या मला बंदरावर नेणाऱ्या गाडीत बसवतानासुद्धा विचारलं होतं. आणि मी दर वेळी पुस्तकाकडे बोट दाखवलं होतं.

"ठेवते," मी म्हटलं. "आत्ता ठेवते. माझ्या मनात आहे." खरंच होतं. वाचनालयातून येताना वाटेतच ते मनात आलं होतं, आणि ते तिचंच आहे याबद्दल मला जरासुद्धा शंका नव्हती.

वहिनीने मान हलवली.

"नको."

"का?"

"कोणाच्या कानात सांगणार?" ती म्हणाली. "परवापर्यंत होती ती तिथे. मला दिसायची. काल ते दार मी या डोळ्यांनी बघितलं. रिकामं होतं. आता मी डोळे मिटले की तेच दिसतं, शिंपले चिकटवलेलं." मग ती म्हणाली, "इतके दिवस राहिलं ते राहूदे, दमू."

तिने मला कधी नावाने हाक मारली नव्हती. तिने पुन्हा कोयता उचलला. मी तिच्याजवळ बसून हीर जुळवून दिले आणि तिने त्यांचा खराटा बांधला. बांधून झाल्यावर तो जमिनीवर आपटून सारखा केला, आणि परसातली पडलेली पातीही लागलीच झाडून टाकली.

पुस्तक मी परत केलं. त्यानंतर आगबोटी दर वर्षी सुरू झाल्या, पण 'शंखनगरी'ची गोष्ट आमच्या घरात कोणी काढली नाही. कुलसुमने वर्गात एकदा विचारलं, कंपनीला पत्र लिहिलं का, आणि त्या पोरीचं नाव कळलं का? मी म्हटलं, ठेवायचं राहिलं. मग फळ्याकडे वळून मी भिंगाची आकृती काढायला घेतली.

नाव माझ्याजवळ आहे. ते कागदावर लिहायचं नसतं. पाळण्याशी वाकून आधी एका कानात सांगायचं असतं, मग बाकीच्यांना.